एकोणीस फूट चार इंच

"अडतीस फूट," वेंडेल टटल म्हणाला. "फोनवर सांगितलं होतं मी."

इडेला क्रांट्झने मान डोलावली आणि मोजायच्या चाकाचा आकडा शून्यावर आणला. लांब दांड्याचं ते चाक ढकलत ती त्या चाकांवरच्या घराच्या, मोटरहोमच्या, पुढच्या बंपरपासून निघाली, ती थेट मागे टांगलेल्या सायकलींपर्यंत. वाकून आकडा वाचला. मग मागून पुढे येत पुन्हा एकदा मोजलं.

"एक्केचाळीस फूट सात इंच."

"शक्यच नाही. गाडीच्या नावातच अडतीस आहे, बाई!"

"ते नाव आहे. लांबी नाही."

यात नवल काही नव्हतं. गाड्या घेऊन उतरणाऱ्यांच्या या कॅम्पवर राहून देखरेख करणारी यजमान म्हणून तिचा हा नववा उन्हाळा, आणि आजवर एकाही माणसाने गाडीची खरी लांबी सांगितलेली नव्हती. खोटं बोलायचं म्हणून कुणी बोलत नसे. कारखान्याने दिलेला आकडा लोक वयासारखा धरून ठेवत. शिडी, सायकली, मागचा ओढायचा हूक धरतच नसत. त्याआधी बत्तीस वर्षं इडेला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. दुसऱ्याने सांगितलेला आकडा तिने तिथेही कधी वहीत लिहिला नव्हता.

मोटरहोमची खिडकी सरकली. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली एक बाई बाहेर डोकावली.

"तीस वर्षं शाळेची बस चालवली म्हणे," ती दम घेत म्हणाली, "आणि स्वतःचं शेपूट... केवढं ते माहीत नाही!"

"मॅक्सीन, तू बोलू नकोस. दम लागेल."

"बोलले नाही तर... मरेन त्याआधी."

वेंडेल हसला नाही. सत्तावीस नंबरच्या जागेकडे बघत उभा राहिला. अडतीस फुटांच्या हिशोबाने इडेलाने ती राखून ठेवली होती. आता गाडीचं नाक साडेतीन फूट रस्त्यावर येणार होतं, आणि तो रस्ता एवढा अरुंद, की अग्निशमनची गाडी पुढे गेलीच नसती.

"बॉस्टनच्या भोवतालचे अकरा कॅम्प पालथे घातले," तो हळू आवाजात म्हणाला. "कुठे जागा नाही, कुठे एवढी मोठी गाडी घेत नाहीत, कुठे चौदा दिवसांपेक्षा जास्त राहू देत नाहीत. आमचं घर सहा तासांवर, पार उत्तरेला. फुप्फुस मिळालं की हॉस्पिटलचा फोन येणार. तासाभरात पोचलो नाही, तर ते दुसऱ्याला देणार. तो फोन उद्या येईल, नाहीतर चार महिन्यांनी."

चाक ढकलत इडेला फाटकाजवळच्या एक नंबरच्या जागेवर गेली. तिथे तिचा स्वतःचा छोटा ट्रेलर उभा होता, दाराशी टबात टोमॅटो लावलेले. ट्रेलरच्या मागे पार झाडापर्यंत मोजून ती परत आली.

"शेहेचाळीस. ऑक्सिजनच्या मोठ्या यंत्राला पुरेल एवढी वीजही आहे."

"पण ती तर तुमची जागा!"

"यजमानाची आहे," इडेला म्हणाली आणि फोन लावायला ऑफिसात गेली.

पलीकडे काउंटीच्या उद्यान खात्यातला कर्टिस होता. वयाने तिच्या मुलासारखा, पण हुद्द्याने वरचा.

"इडेला, एकाला सूट दिली तर उद्या साठजण दारात उभे राहतील."

"सूट कोण मागतंय? यजमानाच्या जागेला मुदत नाही. नियम अकरा."

"पण यजमान तुम्ही आहात ना!"

"होते. आजपासून मिस्टर टटल. फॉर्म भरून घेतला की पाठवते."

"आणि तुम्ही कुठे जाणार?"

"नऊ नंबर. पाहुणी म्हणून."

"तिथे वीज नाही. आणि पाहुण्यांना चौदा दिवसांची मुदत आहे. एक रात्र बाहेर काढल्याशिवाय परत येता येत नाही. तुम्हालाही सवलत मिळणार नाही हां."

"नियम मला पाठ आहेत, कर्टिस."

त्याच दुपारी तिने ट्रेलर हलवला. टोमॅटोचा टब मात्र तिथेच ठेवला. नऊ नंबरला ऊन येत नव्हतं. वेंडेलला तिने यजमानाचं हिरवं जाकीट दिलं, मोजायचं चाक दिलं आणि शेकोट्यांची राख कुठे टाकायची ते दाखवलं.

पुढचे तीन दिवस ती आपली जुनी गाडी घेऊन कॅम्प ते हॉस्पिटल अशा खेपा घालत राहिली. कशासाठी, ते कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी मॅक्सीनच्या फ्रिजवर एक कागद चिकटवला. सकाळी सातला निघालात तर त्रेपन्न मिनिटं. आठला अठ्ठावन्न, चप्पल शोधत बसू नका. अकराला एकोणचाळीस. संध्याकाळी पाचला मोठ्या रस्त्याने जाऊच नका, तळ्याकडून जा, एकावन्न.

मॅक्सीनने तो दोनदा वाचला. "वेंडेलने प्रेमपत्रं लिहिली," ती म्हणाली, "पण त्यात एवढी माहिती... कधीच नव्हती."

चौदाव्या दिवशी इडेला ट्रेलर जोडून फाटकाबाहेर पडली. एक रात्र सुपरमार्केटच्या आवारात काढली आणि दुसऱ्या दिवशी रांगेत उभी राहून परत आत आली. वेंडेल जाकीट घालून समोर उभा.

"लांबी?"

"एकोणीस फूट चार इंच."

"सगळे असंच म्हणतात, बाई," तो म्हणाला आणि चाक घेऊन निघाला. खिडकीतून मॅक्सीन हसत होती, खोकत होती, पुन्हा हसत होती. त्याने दोनदा मोजलं. आकडा तोच आला.

असं चार वेळा झालं. दर वेळी ती बाहेर गेली, दर वेळी परत आली, आणि दर वेळी तिला मोजून आत घेतलं गेलं.

पाचव्या वेळी, सप्टेंबरात, ती दुपारी फाटकाशी आली तेव्हा समोर कुणीच नव्हतं. एक नंबरवर मोटरहोम उभं होतं, पण त्याच्यामागे जोडून आणलेली त्यांची छोटी गाडी शेजारी नव्हती. मोटरहोमचं दार सताड उघडं. आत शेगडीवर सूपचं भांडं, खालची आच बंद केलेली. फ्रिजवरच्या कागदावर अकराच्या ओळीखाली घाईने ओढलेली पेन्सिलची रेघ.

दाराबाहेर पायरीखाली मॅक्सीनची एक चप्पल पालथी पडली होती. इडेलाने ती उचलली, झटकली आणि आत नेऊन दुसरीच्या शेजारी ठेवली. वारा सुटला होता, म्हणून दारावरचं छत गुंडाळलं. टोमॅटोला पाणी घातलं.

फाटकाजवळच्या टेबलावर वही उघडी होती. त्या दिवसाच्या पानावर वेंडेलने सकाळीच लिहून ठेवलं होतं : जागा नऊ, इडेला क्रांट्झ, १९ फूट ४ इंच. खाली, मॅक्सीनच्या वाकड्या अक्षरात : मोजलं नाही. खरं धरलं.

हिरवं जाकीट खुर्चीच्या पाठीवर होतं. तिने ते घातलं. बाहेर एक लांबलचक मोटरहोम येऊन थांबलं आणि चालकाने काच खाली केली.

"लांबी?" इडेलाने विचारलं.

"छत्तीस फूट."

तिने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. मग चाकाचा आकडा शून्यावर आणला.