सायकलीची आंघोळ

सायकलीला तनुजाइतकं जपणारं माणूस गावात दुसरं नव्हतं, तरी चेन मात्र तिचीच पडायची. दर रविवारी ती चेन पुसून मशीनचं तेल घालायची, हवा बघायची, ब्रेक आवळायची. एवढं करूनही शिरूर अनंतपाळच्या वाटेवर खाली बसून हात काळे करायची पाळी यायचीच. तिथल्या औषधाच्या दुकानात ती कामाला होती, आणि मालकानं आज साफ सांगितलं होतं, "आता उशीर झाला तर दुसरी बाई बघतो."

संध्याकाळी सायकलवाल्या संघपालनं चेन बोटानं ओढून पाहिली आणि त्याला हसूच फुटलं. "ताई, हिला रोज आंघोळ घालता का काय? आतून गंज, वरून खायचं तेल. धूळ बसून नुसता राडा झालाय." त्यानं नवी चेन बसवून दिली.

खायचं तेल! तनुजाच्या डोक्यात सणक गेली. नवरा पुण्याला, घरात ती आणि सासू केवळाबाई, दोघीच. सुनेची नोकरी म्हातारीच्या डोळ्यांत खुपत असणार, हे तनुजानं केव्हाच ठरवून टाकलेलं होतं. केवळाबाई तसं कधी बोलल्या नव्हत्या. मुळात बोलायच्याच कमी.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच उठली. केवळाबाई पदर खोचून सायकलीवर तांब्यानं पाणी ओतत होत्या. शेजारी वाटीत करडईचं तेल.

"आत्याबाई, हे काय करायलात तुम्ही?"

"बैल होते तवा असंच करायची. धुतलं, शिंगाला तेल लावलं की गडी दिवसभर तरतरीत. तू एवढ्या लांब जातीस पोरी. मला दुसरं काय येतंय?"

तनुजाचा राग कुठल्या कुठं गेला. स्वतःची लाज वाटली, आणि मग मन भरून आलं. ती बादलीशेजारीच खाली बसली. पाणी चेनीला सोसत नाही, खायच्या तेलाला धूळ चिकटते, हे तिनं हळूच सांगितलं. केवळाबाईंचा चेहरा उतरला. दोघींनी मिळून सायकल पार कोरडी केली.

मालक कुलूप काढत होता तेव्हा तनुजा दुकानाच्या पायरीवर उभी होती.

संध्याकाळी केवळाबाई दारातच वाट बघत होत्या. "उशीर झाला का गं?"

"न्हाई."

"मग उद्यापासून मी उठू नको व्हय?"

तनुजानं कोरडं फडकं त्यांच्या हातात दिलं. "उठा की आत्याबाई. माझ्यासाठी आजवर कुणी उठलेलं न्हाई."