उलटा बाण

तो बाण उलटा होता. गाडीच्या उघड्या बॉनेटखाली, काळ्या प्लास्टिकच्या नळीवर उठवलेला, नखाएवढा, धुळीने निम्मा बुजलेला — पण पोर्चच्या पायरीवर चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या धम्मदीनाला तो अगदी स्वच्छ दिसत होता. बाणाचं टोक इंजिनाकडे असायला हवं, कारण हवा बाहेरून आत जाते. आणि तिचा नवरा पंचशील, हवा मोजणारा तो सेन्सर उलटा बसवून, शीळ घालत, वरचा क्लॅम्प आवळत होता. अंगात नवा डांगरी सूट. बँकेतल्या माणसाला एक फिल्टर बदलायला डांगरी लागते.

फिल्टर लाल, शंकूच्या आकाराचा, ऑनलाइन मागवलेला. त्याने म्हणे पिकअप वाढतो. राऊच्या चौकातल्या गर्दीतून रोज मुंगीच्या पावलाने बँकेत जाणारा हा माणूस वाढलेला पिकअप घालणार कुठे... पण ते तिला ठाऊक होतं. उद्या त्याचा मित्र रत्नपाल आणि एकमेकांना 'भिया, भिया' म्हणणारी त्याची सगळी मंडळी गाड्या घेऊन मांडूला निघणार होती. त्या मंडळींत पंचशीलला कोणी हिंग लावून विचारत नाही, हे तिला कळत होतं आणि त्यालाही. म्हणून तर हा लाल शंकू.

जोडताना चूक नको म्हणून खोलतानाच त्याने मोबाइल लावून शूटिंग केलं होतं. मघाशी दोघांनी ते पाहिलं तर त्यात नुसता हाच — घामेजलेलं कपाळ, नवे हातमोजे, यूट्यूबवाल्यासारखं 'तो भिया लोग' — सांधा एकदाही दिसला नाही. तिला हसूसुद्धा आलं नाही. बाबा असते तर... शंकरराव, महूच्या लष्करी वर्कशॉपमधले. काहीही खोलायच्या आधी सांध्यावर आडवी खडूची एकच रेघ ओढायचे, दोन्ही भागांवर येईल अशी. परत जोडताना रेघ जुळली की काम झालं. लग्नानंतर तिने हे कौतुकाने सांगितलं होतं. 'मस्त आयडिया,' पंचशील म्हणाला होता, आणि विसरला होता. असल्या माणसाबरोबर मी जन्म काढते आहे.

"धम्मा, जरा देख ना. बरोबर बसलंय ना?"

"तू व्हिडिओ बघितलायस ना."

"हो, पण तू पण एकदा देख ले. तुझे बाबा तर वर्कशॉपवाले होते."

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. खोटं इतकं सहज जमेल असं तिला वाटलं नव्हतं. मग कप पायरीवर ठेवून ती पुन्हा पाहत राहिली, आणि तिला बरं वाटत होतं — सरळ सांगायचं तर फार बरं वाटत होतं. उद्या घाटात गाडी आचके देईल, रत्नपाल बॉनेट उघडेल आणि सगळ्यांसमोर त्या बाणावर बोट ठेवेल. हा तोंड पाडून घरी येईल, आणि तेव्हा ती एवढंच म्हणेल, मी पाहत होते.

पाहत होते... हे वाक्य तिचं नव्हतं. आईने — चंपाने — शिलाई मशीन साफ करायला खोललं होतं आणि बॉबिनची डबी उलटी बसवली होती. बाबा खुर्चीत बसलेले, छातीवर हात बांधून. शेजारीण समोर असताना आईने तिचा ब्लाउज शिवायला घेतला, दोरा गुंतला, सुई मोडली, कापड फाटलं. मग बाबा शांतपणे म्हणाले, "पाहत होतो मी. उलटीच बसवलीस." आई हसली. शेजारणीकडे पाहून, पदराने बोटं पुसत, पुन्हा पुन्हा हसली. आणि धम्मदीना बाबांच्या खुर्चीला टेकून बसली होती, आपण त्यांच्या बाजूला आहोत म्हणून तिची छाती फुगली होती. खडूची रेघ तिने आयुष्यात कधी ओढली नाही... बाबांकडून उचललं ते दुसरंच.

पंचशीलने गाडी सुरू केली. इंजिन खोकलं, दचकत दचकत चालू राहिलं. आत बिघाडाचा पिवळा दिवा लागला असणार. तो क्षणभर खाली वाकून पाहत राहिला. मग त्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"आवाज तर ऐक, धम्मा. फर्क है ना?"

तो हसत होता. तिने काही म्हणायच्या आधीच, चिंधीने बोटं पुसत, पडतं घेतल्यासारखा हसत होता, आणि ते हसू तिच्या चांगल्याच ओळखीचं होतं. हा माणूस किती वर्षं असा हसतो आहे...

बाण उलटा आहे — एवढंच तर सांगायचं होतं. पण आता ते तोंडून निघालं तरी बाबांच्याच आवाजात निघणार होतं. पंचशील वाट पाहत होता, इंजिन आचके देत होतं. हातातला कप खाली ठेवावा आणि पुढे व्हावं म्हणून तिने खाली पाहिलं. कप तर मघाशीच पायरीवर ठेवलेला होता. तिचे दोन्ही हात छातीवर घट्ट बांधलेले होते, आणि ते कधी बांधले हे तिला आठवेना.