वाटीखालचा देवमासा

नीलाकाकूंच्या गाडीच्या मागच्या काचेवर 'देवमासे वाचवा' असं स्टिकर होतं आणि गराजमध्ये उंदरांसाठी गोंदाचे सापळे. उंदीर चिकटून तडफडायला लागला की काकू नाक दाबून नवऱ्याला, हेमचंद्रकाकांना, हाक मारायच्या. पण देवमाशाचं नाव काढा, डोळ्यांत टचकन पाणी! शनिवारी बॉथेल गावच्या सुपरमार्केटसमोर गोऱ्या बायकांबरोबर उभं राहून त्या सह्या गोळा करत. मराठी मंडळात त्यामुळे त्यांचा भाव चांगलाच वधारला होता.

आणि नशीब बघा, याच बाईच्या एकुलत्या एका मुलानं, विवेकनं, लग्न केलं ते अलास्काच्या पार उत्तर टोकावरच्या मार्थाशी. तिचे वडील, काका, भाऊ, सगळे होडीतून देवमासा मारणारे. एक मासा मिळाला की गावात घरोघरी वाटा जायचा, म्हाताऱ्यांचा आधी. सरकारनं त्यांच्या आदिवासी लोकांना तेवढी मुभा ठेवली होती. काकू लग्नात हसत हसत फोटोला उभ्या राहिल्या आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडल्या.

मार्थाला दिवस गेले तेव्हा मात्र काकू विरघळल्या. मार्थासाठी नव्हे हो, नातवंडासाठी. वरची खोली रंगवून झाली, पुण्याहून सागवानी पाळणा मागवून झाला. बाळ झालं की विवेक-मार्थानं अपार्टमेंट सोडून इथेच राहायला यायचं ठरलं. "माझं नातवंड माझ्या मांडीवर वाढणार," असं काकू ज्याला त्याला सांगत सुटल्या. त्यापायी सुनेला सहन करू, असं त्यांना वाटत होतं.

मग एका रविवारी विवेकनं त्यांच्या गराजमधल्या मोठ्या फ्रीजरमध्ये एक गठ्ठा आणून ठेवला.

"हे काय रे?"

"मक्तक. देवमाशाची कातडी आणि चरबी. मार्थाच्या आजीनं पाठवलं होतं. आजी गेल्या विंटरमध्ये वारली ना, त्याच्या आधी तिनं स्वतः कापून पॅक केलेलं. मार्थाला त्याचेच डोहाळे लागलेत, आई. पुरवून पुरवून खाणार आहे ती."

"माझ्या फ्रीजरमध्ये? उकडीच्या मोदकांशेजारी? शी!"

"आई, तिला लीगल आहे ते."

"उद्या माणसं खाणंही लीगल करतील! एवढा शहाणा, गाणारा जीव, आणि तुम्ही तो मारून खाता?"

बोलणं इंग्रजीत वळलं तशी विवेकबरोबर आलेली मार्था शांतपणे म्हणाली, "आई, तुम्ही रोज दूध पिता. त्या गाईचं वासरू कुठे जातं, कधी विचारलंत? आम्ही आमच्या देवमाशाला आधी विचारतो. त्याचे आभार मानतो."

हेमचंद्रकाका खुदकन हसले. झालं! स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच नवऱ्यादेखत सुनेनं आपल्याला गप्प बसवलं, हे काकूंच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

डोहाळजेवण त्यांनी दणक्यात मांडलं. कार्नेशनची फुलं ओवून मुकुट केला, हार केला. मार्थाला आठवडाभर आधी बसवून सगळं समजावलं होतं: दोन वाट्या पालथ्या घालतात, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वाट्या कधी खोटं बोलत नाहीत, असंही वर सांगितलं.

आदल्या संध्याकाळी काकू गराजमध्ये गेल्या. हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून त्यांनी गठ्ठ्यातून दोन तुकडे काढले आणि उरलेलं सगळं कचऱ्यात लोटून दिलं. सकाळी कचऱ्याची गाडी ते घेऊन गेली. चौरंगावरच्या दोन्ही वाट्यांखाली त्यांनी एकेक तुकडा ठेवला. मार्थानं कुठलीही उचलली तरी तिचं खाणं मंडळाच्या बायकांसमोर उघडं पडायला हवं होतं!

हिरव्या साडीत, पिना टोचून टोचून उभी केलेली मार्था चौरंगापुढे बसली. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. तिनं डावीकडची वाटी उचलली. वरून काळाकुळकुळीत, खाली गुलाबट पांढरा तुकडा.

"अगंबाई, हे काय?" मंडळातली सुमेधा किंचाळली.

"बघा, आमच्या सूनबाईंचं पक्वान्न!" काकू मराठीत म्हणाल्या. "देवमासा खातात त्या!"

कुणी तोंडाला पदर लावला, कुणी फिस्सकन हसलं. मार्थाला शब्द कळले नाहीत. तिनं फक्त आजीनं कापलेला तुकडा पाहिला. तिचा चेहरा असा फुलला, की बघतच राहावं. "आई, तुम्ही माझ्यासाठी हे ठेवलंत?" असं म्हणत ती जड पोटानं वाकली आणि विवेकनं शिकवल्याप्रमाणे काकूंच्या पायाला हात लावला.

तेव्हा काकू नुसत्या गप्प बसल्या असत्या ना, तर सगळं निभावलं असतं. जन्मभर सुनेनं त्यांना डोक्यावर घेतलं असतं! पण बायकांचं हसू थांबलं होतं, सगळ्या मार्थाकडे मायेनं बघायला लागल्या होत्या, आणि तेच काकूंना सोसेना.

"तुझ्यासाठी नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "यांना दाखवायला ठेवलं. बाकीचं मी कचऱ्यात टाकलं. सकाळीच गेलं ते."

मार्थानं हात लांब करून दुसरी वाटी उचलली. तिच्याखालीही तेच.

"अगं नीला," मंडळातली कांचन घाबऱ्या आवाजात म्हणाली, "पेढा-बर्फी ठेवलीच नाहीस तू? असं कुणी करतं का गं?"

सुनेला उघडं पाडायच्या नादात ते काकूंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मार्थानं फुलांचा मुकुट उतरवून चौरंगावर ठेवला. दोन्ही तुकडे रुमालात बांधले. "मुलगा नाही, मुलगी नाही," ती म्हणाली. "या घराला काहीच नाही. तुमच्याच वाट्या आहेत, आई."

बाळंतपणाला ती माहेरी गेली. विवेकही गेला, आणि तिकडेच नोकरी धरली. काकूंनी फोन करकरून पाहिले, कुणी उचलत नव्हतं.

वसंतात एकदा फोन वाजला. विवेक होता. "आई, बाळ झालं. दोघंही बरी आहेत."

काकूंना हुंदका आवरेना. "अरे, मुलगा की मुलगी?"

पलीकडे विवेकनं कुणाला तरी काही विचारलं. मागे बाळ रडत होतं.

"मार्था म्हणतेय, वाटीखाली बघा," तो म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.

हेमचंद्रकाका जिन्यावरून धावत खाली आले. "काय झालं गं? सांग ना, काय झालं?"