पाच कोपेकचं वजन

वजनमापे खात्याच्या साहेबांनो, तुम्ही माझ्या दाजींचं वाटोळं केलंत. हे मी तोंडावर सांगतो, कारण दाजी सांगणार नाहीत. तुमच्या कचेरीतून निघताना ते "आभारी आहे" म्हणून आले. गरीब गाय!

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. घड्याळं दुरुस्त करतात आणि उरलेला जन्म सोव्हिएत नाणी गोळा करण्यात घालवतात. सोन्याचांदीची नव्हेत. लोकांनी पावाला दिली, ट्रामला दिली, खिशात झिजवली, ती. एकसष्ट सालापासून तो देश मोडला तिथपर्यंतची, सालवार. अल्बमच्या पानावर प्रत्येक नाण्याला एक खिडकी. सगळ्या भरल्या होत्या, एक सोडून. पाच कोपेक, एकोणीसशे सत्तर.

"एकोणसत्तरचं आहे, एकाहत्तरचं आहे," ताई म्हणायची. "मधलं सरासरीनं धरा की."

"अगं, दात पडला तर शेजारच्या दोघांची सरासरी काढून कोणी चावतं का?"

शेवटी ते मिळालं. एका निवृत्त खलाशाकडून, स्वतःचं लाडकं खिशातलं घड्याळ देऊन. पण दाजींनी ते लगेच खिडकीत घातलं नाही. साक्षीदार हवा म्हणून नाणं जेवणाच्या टेबलावर बशीत ठेवलं आणि मला बोलवायला आले. एवढंच चुकलं. म्हणजे आणखी एक चुकलं. लग्न झाल्यापासून ते ताईला ऐकवत आलेत, "त्या लोकांचं डोकं बघ. पितळी नाणी सगळी मापात! एक कोपेक एक ग्रॅम, दोनचं दोन, तीनचं तीन, पाचचं पाच. खिसा म्हणजे तराजूच!"

ताईचं खाली मण्यांचं दुकान आहे. काचेचे बारीक मणी ती ग्रॅमवर विकते. त्या सकाळी तिचं पाच ग्रॅमचं वजन कपाटाखाली घरंगळलं. बायकोनं नवऱ्याचं ऐकावं म्हणतात. तिनं ऐकलं.

दाजी आणि मी पोचलो तेव्हा तुमचे निरीक्षक दुकानात उभे होते. नाणं त्यांच्या चिमटीत.

"हे काय, बाई?"

"पाच ग्रॅम."

"यावर छाप नाही."

"नाही कसा? विळा आहे, हातोडा आहे, आणखी काय हवं?"

दाजी मध्ये पडले. "साहेब, ते नाणं आहे हो!"

"मग तराजूत काय करत होतं?"

दाजींनी ताईकडे पाहिलं. ताईनं छताकडे. नाणं पाकिटात गेलं आणि पाकिटाला लाख लागली.

दुसऱ्या दिवशी तुमच्या कचेरीत दाजींबरोबर मीच होतो, तेव्हा मला कोणी काही शिकवू नये. तुमचा कारकून मान वर न करता म्हणाला, "नाणं असेल तर आमचा विषय नाही, परत द्यायची सोय नाही. वजन असेल तर तपासून मिळेल. काय आहे ते एकदाच सांगा."

दाजी हळूच म्हणाले, "वजन."

"मोठ्याने."

"वजन आहे, साहेब. पाच ग्रॅम."

मी कोपरानं ढोसलं. "दाजी, शब्द फिरवलात?"

"गप रे. घरी गेलं की पुन्हा नाणं होईल."

तुमच्या माणसानं ते आत नेलं, काट्यावर ठेवलं. बरोबर भरलं असणार, कारण लगेच आतून आवाज आला, ठण्!

साहेबांनो, तुम्ही त्याच्यावर छाप ठोकलात! आणि ठोकलात कुठे? सालावर. शेवटचा आकडा पार गेला. आता एकोणीसशे सत्तर की एकोणऐंशी, ब्रह्मदेवाला विचारलं तरी सांगता येणार नाही.

ताई खूश आहे. "अहो, आता ते कायदेशीर आहे. हात लावायचा नाही." रोज त्यानंच मणी तोलते. दाजी डोळ्याला भिंग लावून दुकानात उतरतात, नाणं उलटंपालटं करतात आणि गिऱ्हाईक आलं की मुकाट्यानं तराजूत ठेवतात.

"शून्यच होतं," पुटपुटतात. "मी पाहिलंय ना."

"मग घाला की खिडकीत," ताई म्हणते. परवा तिनं दुकान बंद करून स्वतः ते वर नेलं, अल्बमपाशी ठेवलं. चेष्टा नाही, खरंच दिलं.

दाजींनी परत केलं. "मला शून्य दिसतं गं. पण माझ्यामागे जो अल्बम उघडेल त्याला काय दिसेल? तुझं दुकान."

काल तुमचे निरीक्षक पुन्हा येऊन गेले. म्हणाले, छापाची मुदत संपली की वजन पुन्हा ठोकायला आणा. आणू की! पण त्याआधी एवढं सांगा, त्या एका खिडकीत दाजींनी काय घालायचं? एवढे साहेब बसलात, एकानं तरी सांगा.

आणि मोठ्याने सांगा.