पान उलटा

घड्याळजीचा हात असा, की डासाच्या पायातही त्याने स्प्रिंग बसवली असती आणि डास ठरल्या वेळी चावायला आला असता. अशा माणसाचं डोकं एका केकने पार फिरवलं, हे खोटं वाटेल; पण त्याच्या मेव्हण्याची चप्पल साक्षीला आहे.

झालं असं, की जेवताना तो बायकोला म्हणाला, "तुझं सगळंच उलटं!" ती उठली आणि साड्यांनी पिशवी भरून भावाकडे निघून गेली. चौथ्या दिवशी दुपारी मेव्हणा निरोप घेऊन आला.

"दाजी, ताई पाचला येतेय. कपडे न्यायला."

"सगळे?"

"सगळेच. आता कपाट तुम्हाला मोकळं!"

घड्याळजी तडक स्वयंपाकघरात शिरला. टोपलीत तिनेच आणलेले पीच पिकून मऊ झाले होते. दर उन्हाळ्यात ती त्यांचा केक करायची. तोच करून पुढे ठेवायचं त्याने ठरवलं; माफी मागायला तोंड उघडलं तर पुन्हा भलतंच निघायचं. तिने लिहिलेला कृतीचा कागद मैद्याच्या डब्यामागे सापडला.

त्याने चिमट्याने बिया अशा अलगद काढल्या, की फळांना पत्ताही लागला नाही. केकच्या भांड्यात तळाला लोणी-साखर, त्यावर बारा फोडी, बरोबर आकड्यांच्या जागी. वर मिश्रण ओतलं. कागदाच्या तळाशी आता एकच शब्द उरला होता: उलटा.

"कच्चाच?" घड्याळजी चक्रावला.

"ताईने लिहिलंय ना? मग उलटा. का आणखी वाद घालायचाय?"

त्याने भांडं ताटावर पालथं केलं. मिश्रण ताटावरून टेबलावर, टेबलावरून खुर्चीवर आणि तिथून थेट मेव्हण्याच्या चपलेत उतरलं.

"दाजी, अहो, माझ्या पायात केक होतोय!"

टेबलावरचं तेवढं दोघांनी चमच्याने परत भांड्यात भरून घेतलं. आता फोडी वर आल्या.

"हे उलटं झालं की सुलटं?" घड्याळजीने विचारलं.

"आधी सुलटं होतं, म्हणजे आता उलटं."

"पण हिचा केक उलटाच असतो, फोडी वर. म्हणजे आधीचं उलटं होतं, आता सुलटं झालं!"

"मग परत उलटा!"

चौथ्या खेपेला वरची बाजू कुठली, हे भांड्यालाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात घरातल्या अकराही घड्याळांनी पाचचे ठोके दिले आणि बायको दारात उभी राहिली. हातातली पिशवी गच्च भरलेली. न्यायला आलेली बाई भरलेली पिशवी घेऊन कशी, हे घड्याळजीला काही कळेना.

तिने टेबल पाहिलं, चप्पल पाहिली, मग कागद उचलला.

"अहो, पान उलटा! पान!"

मागे स्वच्छ लिहिलं होतं: चाळीस मिनिटं भाजा, कोमट झाल्यावर ताटलीत पालथा करा.

तिने उरलंसुरलं सारखं करून भांडं ओव्हनमध्ये सरकवलं, आत जाऊन पिशवी पलंगावर रिकामी केली आणि साड्या कपाटात लावू लागली.

"ताई, तू न्यायला आलीस ना?" मेव्हणा गोंधळला.

"ठेवायला म्हटलं होतं मी! निरोपसुद्धा नीट सांगता येत नाही तुला."

म्हणजे भाऊही तसाच! घड्याळजीच्या जिभेच्या टोकावर ते 'सगळंच उलटं' पुन्हा येऊन बसलं. केक भाजून, कोमट होऊन, ताटलीत पालथा पडेपर्यंत त्याने ओठ घट्ट मिटून धरले, आणि मग पहिला भलामोठा तुकडा स्वतःच्याच तोंडात कोंबला.