मेणावरची उडी

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. आयाळ नाही, शेपूट नाही. चार लाकडी पाय आणि पाठीवर चामडं. प्रागपासून दूर, एका गावच्या व्यायामशाळेत उभा आहे. सुतारानं मला घडवलं, खोगीर शिवणाऱ्यानं पोटात खऱ्या घोड्याचे केस भरले, तेव्हा वाटलं, आता जन्मभर मुलं माझ्यावरून पाखरांसारखी उडतील. कसलं काय! माझ्या पाठीवर ओले कोट वाळले, बिअरचे पेले टेकले. व्यायामानं राष्ट्र घडतं, हे पेले टेकवणारेच ठासून सांगत.

आमच्याकडे सगळ्यांनी एकमेकांना भाऊ नि ताई म्हणायची रीत. पण ताईनं उडी मारते म्हटलं की भावांना खोकला येई. बेकरीवाल्याची मुलगी रुझेना पहाटे पाव भाजून संध्याकाळी माझ्याकडे यायची. तिला प्रागच्या मोठ्या कसरतीच्या मेळाव्यात उतरायचं होतं. डॉक्टर शिमाभाऊ म्हणत, उड्यांनी मुलींची तब्येत बिघडते. पिठाची पोती उचलून मात्र बिघडत नसे! अखेर ठरलं, रविवारी तिनं सर्वांसमोर उडी मारायची. जमली तर प्राग. नाहीतर मुलींचा वर्गच बंद.

आता यांची अक्कल बघा. शनिवारी याच दालनात उपवासाचे दिवस लागण्याआधीचा मोठा नाच. पावलं छान सरकावीत म्हणून जमिनीवर मेण किसून टाकलेलं. सकाळी ते पुसायचं एकालाही सुचलं नाही. रुझेना धावत आली, बूट सटकला, कपाळ माझ्या कडेवर आपटलं.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "बायकांचं अंग उडीसाठी घडलेलंच नाही."

मला तोंड असतं तर! शिक्षक हाव्रानेकभाऊ 'मी दाखवतो' म्हणून धावले, ते बुडावर आपटून घसरत थेट डॉक्टरांच्या खुर्चीपाशी. पुरुषांचं अंग कशासाठी घडलंय, हे कुणी विचारलं नाही.

रुझेनानं कपाळ पुसलं. बूट काढले, मोजेही काढले.

"मोजे घाल गं, लोक बघतायत," तिची मावशी कुजबुजली.

"बघायलाच आलेत ना, मावशी?"

अनवाणी पावलं थपथप आली. पिठाचा वास असलेले दोन तळवे माझ्या पाठीवर टेकले, आणि क्षणभर मला पंख फुटले. ती पलीकडे सरळ उभी होती.

दिलेला शब्द मोडता येईना, म्हणून रुझेना प्रागला गेली. वर्गही चालू राहिला. पण त्या दिवशी मंडळी दिवे लागेपर्यंत बोलली ती उघड्या पायांबद्दल. उडीबद्दल चकार शब्द नाही.

आता माझं चामडं तडकलंय, पाठीवर पुन्हा कोट आहेत. मित्रांनो, ते उचला. चामड्याला थोडं तेल लावा, जमीन पुसा. आणि एखादी मुलगी धावत आली, तर उपदेश नंतर करा. आधी वाटेतून बाजूला व्हा.