लांब कानांची राणी

बेंदराच्या सणाला मातीचे बैल करावेत ते ज्याच्या दारात जनावर नाही त्यानं. नंदगडच्या भरमूचा गोठा गाईबैलांनी भरलेला, तरी पलटणीतून परतल्यापासून हा गडी दरसाल माती मळायचा आणि करायचा काय, तर खेचर! शिंगं नाहीत, कान हे एवढे लांब.

गाव हसायचं. हसेना का! पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या चिखलातून जखमी भरमूला पाठीवर घालून राणी नावाच्या खेचरानं आणलं होतं, गावानं नव्हे. लढाई सरली, पलटण बोटीत चढली. जनावरांना जागा नाही, साहेब म्हणाला. धक्का दिसेनासा होईपर्यंत राणी तिथं कान टवकारून उभी होती.

संध्याकाळी गावातले मातीचे बैल तळ्याकडं निघाले, तशी भरमूची बायको गुणाबाई म्हणाली, "पुजलेली माती पाण्यात सोडायची असती ओ. किती साल फळीवर मांडून ठेवणार?"

"सोडायची न्हाय!" भरमू उसळला. मग त्याचा आवाज बसला. "पाण्याच्या काठाला एकदा सोडून आलोय तिला."

गोठ्यातल्या फळीवरची जुनी खेचरं गुणाबाईनं हलक्या हातानं सरकवली आणि नव्या राणीला जागा केली.